सर जॉन पेंडर

सर जॉन पेंडर (१० सप्टेंबर १८१६ – ७ जुलै १८९६) हे स्कॉटिश कापडव्यापारी, उद्योजक, ब्रिटिश संसदेचे सदस्य आणि सागरी तारायंत्राच्या व्यवसायाचे प्रमुख प्रवर्तक होते. १८७० मध्ये मुंबई आणि लंडन या शहरांना जोडणारी तार बहुतांशी समुद्रतळावरून टाकण्यात आली. ती टाकणाऱ्या कंपन्यांच्या उभारणीमागे प्रामुख्याने पेंडर यांचे भांडवल व नेतृत्व होते. या तारेमुळे दोन खंडांमधील संदेशवहनास लागणारा काळ आठवड्यांवरून मिनिटांवर आला. समकालीन लोक त्यांना सागरी तारांचा राजा म्हणून ओळखत.

पूर्वायुष्य

पेंडर यांचा जन्म स्कॉटलंडमधील डम्बार्टनशर परगण्यातील व्हेल ऑफ लिव्हन येथे झाला. त्यांचे शिक्षण गावी व ग्लासगो येथील शाळेत झाले. शिक्षण संपवून ते एका कापड कारखान्याच्या कचेरीत नोकरीस लागले व तरुण वयातच तेथील व्यवस्थापक झाले. पुढे त्यांनी मँचेस्टर येथे कापडाचा स्वतंत्र व्यापार सुरू केला आणि त्यात मोठी संपत्ती मिळवली.

मँचेस्टरचे कापड त्या काळी दूरदूरच्या देशांत जात असे. कापसाचा भाव, परदेशी बाजारातील मागणी आणि जहाजांची ये-जा यांच्या बातम्या वेळेवर मिळणे हा या व्यापाराचा प्राण होता. तारायंत्राच्या कंपन्यांत भांडवल गुंतवण्याकडे पेंडर वळले, त्यास ही पार्श्वभूमी होती. आयर्लंडला ब्रिटनशी जोडणाऱ्या तारेच्या कंपनीत त्यांनी प्रथम भाग घेतला.

पेंडर यांचे दोन विवाह झाले. पहिल्या पत्नी मॅरियन केर्न्स यांचे विवाहानंतर वर्षभरातच निधन झाले. १८५१ मध्ये त्यांनी एमा डेनिसन यांच्याशी विवाह केला.

अटलांटिक तार

युरोप व अमेरिका यांना जोडण्यासाठी स्थापन झालेल्या अटलांटिक टेलिग्राफ कंपनीच्या आरंभीच्या संचालकांत पेंडर होते. या कंपनीने ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागरात तार टाकली. राणी व्हिक्टोरिया यांचा अवघ्या ९८ शब्दांचा संदेश त्या तारेवरून पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. संकेत जोराने जावेत म्हणून तारेत फार उच्च दाबाची वीज सोडण्यात आली. त्यामुळे वेष्टन निकामी झाले आणि काही आठवड्यांतच तार बंद पडली. भागधारकांचा पैसा बुडाला व अशा योजनांवरील लोकांचा विश्वासही उडाला.

अशा परिस्थितीत नवी तार तयार करण्याची जोखीम पत्करण्यास उत्पादक कंपन्या कचरत होत्या. १८६४ मध्ये पेंडर यांनी अडीच लाख पौंडांची वैयक्तिक हमी दिली. त्यानंतर तारेचे वेष्टन बनवणारी गट्टापर्चा कंपनी आणि तार बनवणारी ग्लास, एलियट आणि कंपनी यांचे एकत्रीकरण झाले. या एकत्रीकरणातून टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स कंपनी निर्माण झाली व पेंडर तिचे अध्यक्ष झाले. १८६५ च्या उन्हाळ्यात ग्रेट ईस्टर्न या महाकाय जहाजावरून टाकली जात असलेली तार भर समुद्रात तुटली. कंपनीने माघार न घेता पुढील वर्षी नवी तार टाकली. ती जुलै १८६६ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यास पोहोचली. त्यानंतर आदल्या वर्षी तुटलेल्या तारेचे टोकही समुद्रतळावरून वर काढून ती पूर्ण करण्यात आली.

हिंदुस्थानकडे जाणारा मार्ग

वाफेची जहाजे आणि इजिप्तमधील खुष्कीचा मार्ग यांमुळे १८६० च्या दशकात लंडनची टपाल साधारणतः महिन्याभरात मुंबईस येत असे. १८६५ मध्ये इराणच्या आखातातील तार तुर्की साम्राज्यातील तारांस जोडली गेली आणि हिंदुस्थानचा युरोपशी तारेने संबंध जुळला. हा मार्ग मात्र अनेक राज्यांतून जात होता. वाटेतील प्रत्येक ठाण्यावर संदेश उतरवून पुन्हा पुढे पाठवावा लागे. मधल्या ठाण्यांवरील कारकुनांना इंग्रजी भाषा फारशी अवगत नसे. त्यामुळे संदेश कित्येक दिवस रखडत, आणि पोहोचले तरी मजकूर भ्रष्ट झालेला असे.

बातमी वेळेवर न मिळण्याची किंमत मुंबई इलाख्याने नुकतीच अनुभवली होती. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. परिणामी पश्चिम हिंदुस्थानातील कापसाचे भाव कडाडले व मुंबईत सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच भाव कोसळले. अनेक पेढ्या बुडाल्या आणि बँक ऑफ बॉम्बेही पुढे टिकू शकली नाही.

पेंडर यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे परकीय राज्यांच्या भूमीवरून जाणाऱ्या तारांचा आश्रय शक्य तितका टाळून समुद्रातून एकसंध मार्ग उभारणे. माल्टा ते अलेक्झांड्रिया ही तार १८६८ मध्ये टाकण्यात आली होती. १८६९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ब्रिटिश-इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनी आणि फाल्मथ, जिब्राल्टर अँड माल्टा टेलिग्राफ कंपनी स्थापन झाल्या. पहिल्या कंपनीकडे सुएझ ते मुंबई आणि दुसरीकडे इंग्लंड ते माल्टा हा टप्पा होता. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी कंपनी काढल्याने एखादी तार निकामी झाली तरी सगळे भांडवल एकदम बुडण्याचा धोका नव्हता.

मार्गाचे टप्पे पाडण्यास शास्त्रीय कारणही होते. विल्यम थॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी दाखवून दिले होते की तारेची लांबी दुप्पट झाली तर संकेत मंदावण्याचे प्रमाण चौपट होते. त्यामुळे इंग्लंडपासून मुंबईपर्यंत एकच अखंड तार टाकली असती तर ती अत्यंत मंद चालली असती. जिब्राल्टर, माल्टा, एडन अशा ठाण्यांवर प्रशिक्षित कर्मचारी संदेश टिपून तत्काळ पुढे पाठवत. थॉमसन यांच्या आरशाच्या गॅल्व्हनोमीटरमुळे अतिशय क्षीण संकेतही वाचता येऊ लागले होते. या मार्गाचा वेग जितका तारेवर अवलंबून होता, तितकाच मधल्या ठाण्यांच्या शिस्तीवरही अवलंबून होता.

मुंबई–एडन तार

अरबी समुद्रातील टप्प्यासाठी ग्रेट ईस्टर्न जहाजाची योजना झाली. नुकताच खुला झालेला सुएझ कालवा या जहाजास अपुरा होता. म्हणून ते आफ्रिकेस वळसा घालून जानेवारी १८७० मध्ये मुंबई बंदरात आले. उष्णतेपासून तारेचे रक्षण व्हावे यासाठी जहाजास पांढरा रंग देण्यात आला होता. सुमारे २११ मीटर लांबीचे हे जहाज त्या काळातील जगातील सर्वांत मोठे होते. फेब्रुवारी १८७० मध्ये ते कॅप्टन रॉबर्ट हॅल्पिन यांच्या नेतृत्वाखाली मुंबईहून तार टाकत निघाले व त्याच महिन्याच्या अखेरच्या सुमारास एडनजवळ पोहोचले. तेथून तार तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत नेण्यात आली. सुएझ ते अलेक्झांड्रिया हा भाग जमिनीवरील तारेने जोडलेला होता.

जून १८७० मध्ये इंग्लंडमधील पोर्थकर्नो येथे तारेचे टोक किनाऱ्यास लागले आणि मार्ग पूर्ण झाला. २३ जून १८७० रोजी पेंडर यांनी लंडनमधील आपल्या निवासस्थानी समारंभ आयोजित केला. युवराज एडवर्ड यांच्या उपस्थितीत व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्याशी तसेच मुंबईशी संदेशांची देवाणघेवाण झाली. लंडनहून मुंबईस पाठवलेल्या संदेशाचे उत्तर काही मिनिटांतच परत आले.

त्याच वर्षी सीमेन्स बंधूंची प्रशिया, रशिया व इराणमार्गे जाणारी जमिनीवरील तारही सुरू झाली. त्यामुळे हिंदुस्थानच्या संदेशांसाठी दोन वेगवान मार्ग उपलब्ध झाले.

विस्तार आणि टीका

१८७२ मध्ये पेंडर यांनी या मार्गावरील कंपन्या एकत्र करून ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी स्थापन केली. त्यांच्या इतर कंपन्यांच्या तारा सिंगापूर, हाँगकाँग व ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचल्या. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरही त्या टाकण्यात आल्या. पेंडर यांच्या निधनाच्या वेळी जगातील सागरी तारांचा मोठा भाग त्यांच्या कंपन्यांकडे होता.

या व्यवस्थेचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. दर शब्दागणिक आकारले जात आणि ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. मोठ्या व्यापारी पेढ्या सांकेतिक कोश वापरून एका शब्दात संपूर्ण वाक्य पाठवत. लिव्हरपूलच्या बाजारातील कापसाचा भाव मुंबईच्या पेढ्यांना आता त्याच दिवशी कळू शकत होता. लॉर्ड मेयो यांनी १८७० मध्येच वऱ्हाडातील खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन केले होते. तेथील कापूस ज्या बाजारासाठी जात असे, त्याचा भाव व्यापाऱ्यास आधी आणि शेतकऱ्यास नंतर कळे. तारेने अंतर मिटवले, तरी ही विषमता कायम राहिली. ब्रिटिश संसदेतील सदस्य जॉन हेनिकर हीटन यांनी चढ्या दरांविरुद्ध व कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध दीर्घकाळ मोहीम चालवली. सागरी तारांमुळे ब्रिटिश सरकारची वसाहतींवरील पकडही अधिक घट्ट झाली.

राजकीय कारकीर्द व सन्मान

पेंडर १८६२ मध्ये टॉटनेस मतदारसंघातून संसदेवर निवडून आले. १८६५ मधील त्यांची निवड पुढील वर्षी निवडणूक याचिकेवरून रद्द झाली. १८७२ ते १८८५ आणि १८९२ ते १८९६ या काळात त्यांनी विक मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. १८८८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ७ जुलै १८९६ रोजी केंट परगण्यातील फूट्स क्रे प्लेस या निवासस्थानी त्यांचे निधन झाले.

वारसा

पेंडर यांच्या स्मारकनिधीतून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे पेंडर अध्यासन सुरू झाले. निर्वात नलिकेचे (व्हॉल्व्हचे) संशोधक जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग हे त्याचे पहिले प्राध्यापक होते.

१९२७ मध्ये पुण्याजवळील खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांद्वारे इंग्लंडशी थेट संदेशवहन सुरू झाले. बिनतारी सेवा स्वस्त असल्याने सागरी तारांचा व्यवसाय घटला आणि १९२९ मध्ये ब्रिटनमधील तार व बिनतारी कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. या संस्थेस १९३४ मध्ये केबल अँड वायरलेस हे नाव मिळाले. भारतातील परदेश संदेशवहन सेवा १९४७ मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली. १९८६ मध्ये तिचे विदेश संचार निगम लिमिटेडमध्ये रूपांतर झाले. याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आजही मुंबई हे भारतात येणाऱ्या सागरी केबलांचे एक प्रमुख स्थानक आहे. या केबलांतून आता विजेऐवजी प्रकाशाचे संकेत जातात, आणि त्यांतील अनेक केबला अरबी समुद्र, तांबडा समुद्र व भूमध्य समुद्र या १८७० च्या मार्गानेच युरोपकडे जातात.