महर्षी कर्वे आणि दानाच्या दोन परंपरा

आज ज्या परिसरास कर्वेनगर म्हणतात, तेथे सव्वाशे वर्षांपूर्वी हिंगणे बुद्रुक हे पुण्याबाहेरचे एक लहानसे खेडे होते. या गावाच्या माळावर सन १९०० मध्ये एक साधी झोपडी उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे स्त्रीशिक्षणाचा वटवृक्ष विस्तारला. ती उभारणारे थोर पुरुष म्हणजे भारतरत्न महर्षी धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्वे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. मूळ गाव मुरूड. घरची स्थिती बेताची. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते गणित विषय घेऊन पदवीधर झाले. मुंबईत असतानाच त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला. गावच्या नोकरदारांनी मिळकतीतील ठरावीक भाग गावासाठी द्यावा, अशी ती योजना होती. भांडवल नसलेल्या मध्यमवर्गाची समाजसेवेची ही रीत. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि एकाने पैचा हिशेब चोख ठेवावा.

१८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांचा बहिष्कार सोसला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन करताना आपली शिल्लक एक हजार रुपये त्यांनी तिला अर्पण केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, तेव्हा आश्रमास स्वतःची जागा मिळाली. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णासाहेब संध्याकाळी चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले निधीसाठी गावोगाव हिंडल्या. इकडे घरखर्चाची ओढाताण गोदूबाईंनी निमूटपणे सोसली, हेही विसरता कामा नये.

१९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले, तेही वर्गणीच्याच बळावर. पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. परंतु विद्यापीठाचा कायमचा खर्च वर्गणीवर किती काळ निभावणार? या प्रश्नाचे उत्तर मुंबईहून आले. सर विठ्ठलदास ठाकरसी हे भाटिया समाजातील कापड गिरण्यांचे मालक. जपानमधील महिला विद्यापीठ त्यांनी स्वतः पाहिले होते. १९२० साली त्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाने वर्षास ५२,५०० रुपयांचे निश्चित उत्पन्न, असा तिचा हिशेब होता. देणगीस अटीही होत्या. विद्यापीठास मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यावे, ही त्यातील एक. पुढे १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालयही पुण्याहून मुंबईस गेले.

येथे दानाच्या दोन परंपरा समोरासमोर येतात. पुण्याच्या सुधारकाने आपले आयुष्यच दिले, कारण त्याच्यापाशी दुसरे भांडवल नव्हते. वहीत धर्मादाय खाते पिढ्यान्‌पिढ्या चालविणाऱ्या गुजराती व्यापाऱ्याने मुद्दल दिले, व्याजावर कार्य चालावे अशी तजवीज केली आणि आईचे नाव चिरंतन केले. एकीत त्याग दिसतो, दुसरीत दूरदृष्टी. अण्णासाहेबांनी एकीसही कमी लेखले नाही. आपण वाढविलेल्या संस्थेस दुसऱ्याचे नाव लागले, याचा विषाद न मानता वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते स्त्रीशिक्षणाच्या प्रसारासाठी परदेश प्रवासास निघाले. पुढे आफ्रिकेतही तेथे वसलेल्या भारतीयांकडून, ज्यांत गुजराती व्यापारी पुष्कळ होते, त्यांनी निधी गोळा केला.

१९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी हे १०४ वर्षांचे कृतार्थ जीवन संपले.

पंधरा लाखांची देणगी एका दिवसात जाहीर झाली, परंतु ती घेण्याची पात्रता मिळविण्यास चोवीस वर्षे लागली. सार्वजनिक संस्थेचे खरे मुद्दल म्हणजे विश्वास. तो पै पै करूनच साठतो, आणि तो साठला म्हणजे लक्ष्मी आपण होऊन दाराशी येते. कोणत्याही विश्वस्ताने अण्णासाहेबांच्या चरित्रातून घ्यावा असा हाच बोध आहे.