चाचा रामगुलाम: सत्तेत आणि सत्तेनंतर

आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी ज्यांना 'चाचा' म्हणत, ते सर शिवसागर रामगुलाम आपल्यासारख्याच मजुराच्या घरचे. त्यांचे वडील बिहारमधून करारावर आले, आपले पूर्वज कोकणातून मुंबई बंदरामार्गे आले, एवढाच काय तो फरक. 18 सप्टेंबर 1900 रोजी बेल रीव्ह येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. पुढे गोठ्यात झालेल्या अपघातात डावा डोळा गेला. तरीही 1921 मध्ये त्यांनी लंडन गाठले आणि 1935 मध्ये ते डॉक्टर होऊन परतले.

1948 मध्ये लिहिता-वाचता येणाऱ्या सामान्य माणसालाही मताचा हक्क मिळाला आणि मळ्यांतल्या माणसांनी त्यांना विधिमंडळात पाठवले. (त्यासाठी बैठकांतून लोकांना सही शिकवण्याचे श्रेय मात्र बिसुनदयाल बंधूंना द्यायला हवे.) 12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला आणि चाचा पहिले पंतप्रधान झाले.

त्यांच्या कामांपैकी आम्ही सर्वांत वर ठेवतो ते 1977 पासूनचे मोफत माध्यमिक शिक्षण. त्याआधी कॉलेजची फी भरायची, तर ऊसतोड करणारा बाप एकाच मुलाचा विचार करी, आणि तो बहुधा मुलगाच असे. मुलगी घरी राही. फी गेली आणि मुली शाळेत टिकल्या. आज आपल्यातल्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका त्या निर्णयाच्या लेकी आहेत. मोकातील महात्मा गांधी संस्थाही त्यांच्याच काळात उभी राहिली. महाराष्ट्राशीही त्यांचे नाते जुळले: जानेवारी 1975 मध्ये नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा ते प्रमुख पाहुणे होते.

सगळेच गोड नव्हते. 1965 मध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना चागोस बेटे 30 लाख पौंडांच्या बदल्यात ब्रिटिशांकडे राहिली आणि तिथल्या लोकांना घरे सोडावी लागली. 1971 मध्ये आणीबाणी लावली, निवडणूक 1976 पर्यंत लांबली. हे दोन्ही डाग आम्हांला झाकावेसे वाटत नाहीत.

जून 1982 मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. स्वतः चाचाही पडले. नव्या राष्ट्रांत अशा वेळी काय काय घडते, ते जगाने पाहिले आहे. इथे त्यांनी निकाल मान्य केला आणि खुर्ची सोडली. आमच्या मते, पदावर असताना केलेल्या कामांइतकेच हे मोठे काम.

पुढच्याच वर्षी राजकारण फिरले आणि डिसेंबर 1983 मध्ये ते गव्हर्नर जनरल म्हणून रेद्वीच्या वाड्यात राहायला गेले. ज्या वाड्यातून गोऱ्या गव्हर्नरांनी ऊसमळ्यांच्या या वसाहतीचा कारभार पाहिला, तिथे आता मजुराचा मुलगा बसला होता. 15 डिसेंबर 1985 रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. पाम्प्लेमूसच्या बागेत अंत्यसंस्कार झाले. ती बाग आणि प्लेझान्सचा विमानतळ, दोन्ही आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात.