ग्रुंटव्ही : साक्षरतेनंतरची शाळा

प्रौढ शिक्षणाचा विचार आपल्याकडे बहुधा निरक्षरतेपासून सुरू होतो. डेन्मार्कमध्ये तो साक्षरतेनंतर सुरू झाला. तेथे १८१४ च्या कायद्याने मुलामुलींना सात वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले होते. शेतकऱ्याला अक्षरे येऊ लागली. परंतु देशाच्या कारभाराविषयी चार लोकांत उभे राहून बोलण्याचे बळ त्याच्या ठायी आले नव्हते. ही उणीव ज्यांनी नेमकी ओळखली, ते निकोलाय फ्रेडरिक सेव्हेरिन ग्रुंटव्ही हे धर्मोपदेशक, कवी आणि इतिहासकार होते.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १७८३ रोजी झीलंड बेटावरील उडबी या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. आरहूस येथील लॅटिन शाळेतील रूक्ष घोकंपट्टीने त्यांच्या मनात जो तिटकारा निर्माण केला, तो जन्मभर टिकला. १८०३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाची धर्मशास्त्राची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. पुढे प्राचीन नॉर्डिक वाङ्मयात ते रमले. सॅक्सोचा लॅटिन इतिहास त्यांनी डॅनिशमध्ये आणला आणि १८२० मध्ये ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्याचा डॅनिश अनुवाद प्रसिद्ध केला. विद्वानांच्या कपाटात बंद असलेला ठेवा सामान्य जनांच्या भाषेत यावा, ही त्यांच्या पुढील शिक्षणविचाराची पूर्वतयारीच म्हटली पाहिजे. १८२५ मध्ये एका प्राध्यापकाच्या ग्रंथावर त्यांनी कठोर टीका केली. त्यावरून झालेल्या खटल्यात त्यांच्या लेखनावर सरकारी नियंत्रण आले, ते १८३७ पर्यंत उठले नाही.

या काळात, १८२९ ते १८३१ या वर्षांत, जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी ते तीनदा इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात अध्यापक व विद्यार्थी एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि बोलता बोलता शिकतात, हे त्यांनी पाहिले. त्याच सुमारास डेन्मार्कच्या राजाने सल्लागार प्रांतिक सभा स्थापन केल्या व त्यांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसू लागले. ज्यांना सभेत बसावयाचे, त्यांना बोलते कोण करणार, हा प्रश्न ग्रुंटव्ही यांना पडला.

त्याचे उत्तर म्हणून त्यांनी सोरो येथे प्रौढांसाठी एक विद्यालय काढण्याची योजना मांडली. तेथे मातृभाषा, इतिहास, देशाचे कायदे, गीते आणि मुक्त चर्चा असावी. लॅटिन नसावे, परीक्षा नसावी. जगण्याचा अनुभव गाठी आल्यावरच माणूस स्वतःचे प्रश्न विचारू लागतो, म्हणून खऱ्या शिक्षणाचा आरंभ तारुण्यात होतो, अशी त्यांची धारणा होती. छापील अक्षरापेक्षा जिवंत शब्दावर त्यांचा भर होता, आणि हे सांगणाऱ्या माणसाने स्वतः मात्र असंख्य ग्रंथ लिहिले.

आठव्या क्रिश्चनने योजनेस अनुकूलता दर्शविली. पण १८४८ च्या जानेवारीत तो निवर्तला आणि योजना बारगळली. तथापि विचार थांबला नाही. १८४४ मध्येच रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले होते. १८५१ मध्ये चांभाराचा मुलगा क्रिस्टेन कोल्ड याने रिस्लिंगे येथे आणखी एक काढले व शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर तो स्वतः राहिला. १८६४ च्या पराभवात रोडिंग प्रशियाकडे गेले. पुढच्याच वर्षी आस्को येथे तोच वारसा नव्याने उभा राहिला. १८८२ मध्ये येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. तेव्हापासून झपाट्याने पसरलेल्या सहकारी चळवळीस या विद्यालयांतून बाहेर पडलेल्या तरुणांचे मोठे साहाय्य झाले.

ग्रुंटव्ही यांनी स्वतः एकही लोकविद्यालय चालविले नाही. १८३९ पासून ते कोपनहेगनच्या व्हार्टोव्ह येथे धर्मोपदेशक होते. ज्या सभेने १८४९ ची राज्यघटना सिद्ध केली, तिचेही ते सदस्य होते. १ सप्टेंबर १८७२ रोजी त्यांनी नेहमीप्रमाणे प्रवचन केले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे तत्कालीन म्हैसूर संस्थानात डॅनिश विद्यालयांच्या धर्तीवर विद्यापीठे सुरू झाली; त्यांतील पहिले १९४७ मध्ये नंजनगूड येथे निघाले. अर्थात, जेथे अक्षरच पोहोचलेले नाही, तेथे ग्रुंटव्हींचा ग्रंथविरोध जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्यांनी अक्षरे गृहीत धरली होती. आपल्याला ती आधी द्यावी लागतात. पण सही करू लागलेला माणूस पुढे काय वाचणार, कोणत्या भाषेत बोलणार आणि त्याचे कोण ऐकणार, हे प्रश्न त्यांचेच आहेत. ते न विचारता मोजलेली साक्षरता केवळ आकड्यांतच राहते.