कॉनराड गेस्नर

पौषांतील पहाटे आमच्या कळंबास थंडी पडली म्हणजे आपण कुडकुडतों, परंतु तान्हें मूल कुडकुडत नाहीं. मग त्यास ऊब कोठून मिळते? या प्रश्नाचा माग काढूं लागलों कीं आपण चारशें वर्षांहून मागें, स्वित्झर्लंडांतील एका वैद्याच्या ग्रंथापाशीं पोंचतों. त्यांचें नांव कॉनराड गेस्नर.

त्यांचा जन्म १५१६ सालीं झुरिच येथें झाला. वडील केसाळ कातडीं कमावीत. घरीं मुलें फार, मिळकत थोडी. म्हणून कॉनराड एका आप्ताकडे वाढला. ते औषधी वनस्पति लावीत, व त्यांच्या सहवासांत या मुलास सृष्टिनिरीक्षणाचा नाद लागला. १५३१ सालीं कापेलच्या लढाईंत वडील पडले. तेव्हां शिक्षकांनीं त्यास आधार दिला. १५४१ सालीं बाझल येथें वैद्यकाची पदवी घेऊन ते झुरिचला परतले व पुढें नगरवैद्य झाले. लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची त्यांची प्रचंड सूचि १५४५ सालीं निघाली.

१५५१ सालीं त्यांच्या प्राणिवर्णनाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यांत आल्प्स पर्वतावरील मार्मोट या खारीच्या कुळांतील प्राण्याचें वर्णन आहे. तो हिवाळाभर बिळांत निजतो. त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, गेस्नर यांस एक निराळाच पदार्थ आढळला. तो ना धड चरबी, ना धड मांस. त्याचें खरें कार्य त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें. तरी त्यांनीं तो वगळला नाहीं. पुढें १५६५ सालीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं, प्लेगनें त्यांस गांठलें.

त्या पदार्थाचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला. पांढऱ्या चरबीची पेशी ही जणूं कणगी. एका मोठ्या थेंबांत ती पुढची बेगमी सांठविते. हा तपकिरी मेद मात्र शेगडीसारखा आहे. त्याच्या पेशींत चरबीचे अनेक बारीक थेंब व लोहयुक्त तंतुकणिकांची दाटी असते. त्यांमुळेंच त्यास तो रंग येतो. तेथें जळणाऱ्या चरबीची सरळ उष्णताच होते. तान्ह्या मुलांत हा मेद पुष्कळ असतो. प्रौढांतही तो मानेजवळ थंडींत कार्य करितो, असें २००९ सालीं सिद्ध झालें. शेगडीस जळण लागतेंच. म्हणून मातांनीं हिवाळ्यांत बाळास गुंडाळावें व वेळेवर पाजावें.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं जें उमगत नाहीं तेंही नीट पाहावें व लिहून ठेवावें. त्याचा अर्थ लावणारा मागाहून कोणी तरी येतोच.