जोसेफ आर्मांड बाँबार्डियर: हिमांत वाट काढणारा कारागीर

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर २०१५ सालीं कांहीं नव्या लोकलगाड्या धांवूं लागल्या व प्रवासी मंडळी त्यांस बाँबार्डियर लोकल ह्या नांवानें ओळखूं लागली. त्या गाड्यांची विजेची सामग्री पुरविणाऱ्या कंपनीचा रेल्वे-विभाग २०२१ सालीं दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला. परंतु हें नांव मुळांत ज्या पुरुषाचें, तो कोण होता, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. तो राजा नव्हता, सेनापति नव्हता, विद्यापीठांतला पंडितही नव्हता. कॅनडा देशांतील एका खेड्यांत गॅरेज चालविणारा तो एक कारागीर होता. त्याचें चरित्र विद्यार्थ्यांस व पालकांस सारखेंच बोधप्रद वाटेल, म्हणून तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जोसेफ आर्मांड बाँबार्डियर ह्यांचा जन्म क्वेबेक प्रांतांतील व्हालकूर ह्या गांवीं १६ एप्रिल १९०७ रोजीं झाला. ह्या प्रांतांतील बहुतेक लोक फ्रेंच भाषा बोलणारे आहेत. त्या काळीं हिंवाळा लागला कीं तेथील रस्ते बर्फाखालीं गडप होत, मोटारी महिनेच्या महिने घरांत पडून राहात, आणि घोडा जुंपलेली घसरगाडी हेंच काय तें वाहन उरे. आर्मांडाचा ओढा लहानपणापासूनच यंत्रांकडे होता. मोडक्या घड्याळांचे भाग जमवून तो चालतीं खेळणीं करी. १९२२ सालच्या अखेरीस, अवघ्या पंधराव्या वर्षीं, त्यानें एका जुन्या फोर्ड मोटारीचें इंजिन घसरगाडीवर बसविलें, मागें विमानासारखा लांकडी पंखा लाविला, आणि धाकट्या भावास बरोबर घेऊन ती गाडी गांवांतून पळविली. लोक थक्क झाले. परंतु तो उघडा, गरगरणारा पंखा पाहून वडिलांच्या छातींत धडकी भरली. त्यांनीं ती गाडी तत्काळ मोडून टाकण्याची आज्ञा केली. मुलानें आज्ञा पाळली. मनांतली कल्पना मात्र तशीच राहिली.

मुलानें धर्मगुरु व्हावें अशी घरच्यांची इच्छा होती व त्याकरितां त्यास शेरब्रुक येथील शाळेंत घातलें होतें. पण त्याचें चित्त तेथें रमेना. अखेरीस वडिलांनीं मुलाचा कल ओळखून त्यास यंत्रकाम शिकण्याची मोकळीक दिली. माँट्रियल शहरीं दिवसा काम करावें व रात्रीं यंत्रशास्त्राचे व विजेचे वर्ग गांठावे, असा क्रम त्यानें ठेविला. १९२६ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं, आर्मांडानें स्वतःचें गॅरेज उघडलें. उन्हाळ्यांत लोकांच्या मोटारी दुरुस्त कराव्या, आणि हिंवाळ्यांत काम मंदावलें कीं बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करावे, अशीं कित्येक वर्षें गेलीं. १९२९ सालीं त्यांचा विवाह झाला.

पुढें १९३४ सालच्या हिंवाळ्यांत त्यांच्या घरावर वज्राघात झाला. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलास, इव्हॉनास, अपेंडिक्सचा विकार जडला. ताबडतोब रुग्णालय गांठणें अवश्य होतें. परंतु रस्ते बर्फानें बुजलेले, आणि प्रयोगांतील कोणतीही गाडी प्रवासास सिद्ध नव्हती. मूल दगावलें. ज्याच्या हाताखालून शेंकडों इंजिनें चालतीं होऊन गेलीं, त्यास स्वतःचें लेंकरूं वैद्याच्या दारीं नेतां आलें नाहीं. ह्या दुःखाचें मोजमाप आम्ही काय करणार? इतकेंच सांगतों कीं, ते हातपाय गाळून बसले नाहींत.

वजनदार गाडी भुसभुशीत बर्फांत रुतते, ही खरी अडचण होती. गाडीचा भार मोठ्या जागेवर पसरला तरच ती तरेल, हें त्यांनीं ओळखलें. १९३५ सालीं त्यांनीं रबर मढविलेलें दांत्यांचें चाक व त्याभोंवतीं फिरणारा रबरी पट्टा अशी रचना सिद्ध केली, व १९३७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. सात माणसांस नेणारी त्यांची बी-७ गाडी लवकरच विकली जाऊं लागली; पुढें बारा माणसांची बी-१२ निघाली. ह्या गाड्यांतून वैद्य रोग्यांकडे जाऊं लागले, टपाल पोंचूं लागलें, मुलें शाळेस जाऊं लागलीं. १९४२ सालीं त्यांनीं आपली कंपनी स्थापिली.

संकटें तरीही संपलीं नाहींत. १९४८ सालीं क्वेबेक सरकारनें हिंवाळ्यांतही खेड्यांतील रस्ते मोकळे ठेवण्याचा कायदा केला, आणि ह्या मोठ्या गाड्यांचा खप एकदम घटला. बाँबार्डियर ह्यांनीं कायद्यास दोष दिला नाहीं. जेथें रस्ताच नाहीं अशा भूमीकडे त्यांनीं दृष्टि वळविली. १९५३ सालीं दलदलींतून चालणारा मस्केग नांवाचा ट्रॅक्टर त्यांनीं बनविला. हलकीं इंजिनें मिळूं लागल्यावर १९५९ सालीं एकदोन माणसांची लहानशी स्की-डू गाडी बाजारांत आणून लहानपणचें स्वप्नही पुरें केलें. तिचा एक आद्य नमुना त्यांनीं ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तर भागांत काम करणारे मिशनरी फादर मॉरिस विमे ह्यांजकडे नेला. दूरदूरच्या वस्त्यांस भेटी देणाऱ्या त्या धर्मगुरूंस ती फार उपयोगी पडली. १८ फेब्रुवारी १९६४ रोजीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं, कर्करोगानें बाँबार्डियर ह्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या मागें ही लहान गाडी अमेरिकेच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वतांत दहा दहा हजार फूट उंचीवर चढूं लागली. तेथें निराळाच प्रश्न उभा राहिला. उंचीवर हवा विरळ असते; दर हजार फुटांस साध्या इंजिनाची शक्ति सुमारें शेंकडा तीन कमी होते, म्हणजे दहा हजार फुटांवर जवळजवळ शेंकडा तीस. गाडी तीच, चालक तोच, पण चढणीवर ती धापा टाकूं लागते. हल्लीं कांहीं गाड्यांस हवा दाबून भरणारें टर्बो यंत्र असतें. इतरांस मात्र क्लच जुळवून घ्यावा लागतो.

ह्या गाडींतील क्लच म्हणजे दोन पुली व त्यांवरून फिरणारा एक पट्टा. इंजिनाकडील पुलीच्या पोटांत लहान वजनें असतात. इंजिन जलद फिरूं लागलें कीं तीं बाहेर फेंकलीं जातात, पुलीच्या दोन्ही बाजू जवळ दाबतात, व पट्टा वर सरकून गाडीचा वेग वाढतो. एक स्प्रिंग ह्या दाबास विरोध करते. मागील पुली चढणीचा भार ओळखून पट्ट्यास पुन्हां हलक्या गिअराकडे नेते. प्रत्येक इंजिनाची पूर्ण शक्ति मिनिटास ठराविक फेऱ्यांवरच प्रगट होते. सपाटीस योग्य अशीं वजनें डोंगरावर तशींच ठेविलीं, तर अशक्त झालेलें इंजिन त्यांच्या भारानें दबतें व त्या फेऱ्यांपर्यंत पोंचतच नाहीं. म्हणून जाणता कारागीर कांहीं ग्रॅम हलकीं वजनें बसवितो, जरूर तर स्प्रिंग व गिअर बदलतो. पुष्कळ स्की-डू गाड्यांच्या क्लचवर आंकडे घातलेले स्क्रू असतात. ते एका आंकड्यानें फिरविले तर मिनिटास सुमारें दोनशें फेऱ्यांचा फरक पडतो. वजन फारच हलकें केलें तर मात्र इंजिन मर्यादेबाहेर फिरतें, शक्तीही वांया जाते व यंत्रासही अपाय होतो. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा, त्याच चढणीवर पाहावा, फेऱ्यांचा आंकडा टिपून ठेवावा, आणि खालीं उतरल्यावर सर्व पूर्ववत् करावें, असा नियम आहे.

विद्यार्थिमित्रांनो, बाँबार्डियर ह्यांचें चरित्र व हा क्लच आम्हांस एकच गोष्ट शिकवितात. बर्फास, कायद्यास किंवा विरळ हवेस दोष देऊन गाडी पुढें जात नाहीं; भूमि ओळखून यंत्र जुळवून घ्यावें लागतें, व तेंही धीरानें, एकेक पायरीनें. पालकांसही आमची विनंती आहे. त्या पित्यानें धोक्याचा पंखा मोडविला, पण मुलाचा कल मोडला नाहीं. सर्व मुलांचें बळ एकाच मापाचें नसतें. कोणास ओझें हलकें करून हवें असतें, कोणास थोडें अधिक पेलतें. तें वेळीं ओळखलें, तर चढणीवर थांबलेलें मूलही पुन्हां चालूं लागेल.