यंत्रयुगाचा सावध कर्णधार : नॉर्बर्ट वीनर

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय वारंवार येतो. सन २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यांत चॅटजीपीटी हा संगणकावरील कार्यक्रम लोकांपुढें आला आणि निबंध, पत्रें, गणितें यंत्राकडून करून घेण्याची सोय घरोघर झाली. कोणी या नवलाईनें हरखून गेले, तर कोणी भवितव्याच्या चिंतेनें धास्तावले. विचार करणारीं म्हणून ओळखलीं जाणारीं यंत्रें नुकतीं कोठें जन्मास येत होतीं, त्या काळींच त्यांचें सामर्थ्य आणि त्यांपासूनचा धोका अशीं दोन्ही अंगें ज्यांनीं ओळखलीं, त्या एका गणितज्ञाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव नॉर्बर्ट वीनर.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजीं अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत कोलंबिया या गांवीं झाला. वडील लिओ वीनर हे रशियन साम्राज्यांतून आलेले बहुभाषाकोविद. पुढें ते हार्वर्ड विद्यापीठांत स्लाव्ह भाषांचे अध्यापक झाले. मुलाला स्वतः शिकवून असामान्य करावयाचें, असा त्यांचा निश्चय होता. चूक झाली कीं त्यांचा आवाज चढे, आणि पुष्कळदां धड्याचा शेवट मुलाच्या रडण्यांत होई. दृष्टि अधू असल्यामुळें आठव्या वर्षीं वैद्यांनीं मुलाचें वाचन सहा महिने बंद केलें. त्या काळांत त्यानें ऐकून व मनांतल्या मनांत हिशेब करून अभ्यास चालविला. अकराव्या वर्षीं हायस्कूल, चौदाव्या वर्षीं टफ्ट्स कॉलेजची पदवी आणि अठराव्या वर्षीं, १९१३ सालीं, हार्वर्डची डॉक्टरेट, ही त्याची प्रगति पाहून लोक थक्क झाले.

परंतु या कौतुकाला दुसरी बाजू होती. मुलाचें यश हें त्याच्या अंगच्या बुद्धीचें नसून आपल्या शिक्षणपद्धतीचें आहे, असें मत वडिलांनीं जाहीरपणें मांडलें. यश वडिलांचें आणि अपयश तेवढें आपलें, ही टोचणी त्या कोवळ्या मनाला लागली ती कायमची. प्रौढपणीं लिहिलेल्या आत्मचरित्रांतही वीनर तिला विसरले नाहींत. वडिलांचे उपकार त्यांनीं मान्य केले, पण त्यांसाठीं द्यावी लागलेली किंमत लपविली नाहीं.

इंग्लंडांतील केंब्रिज येथें बर्ट्रंड रसेल यांच्या व जर्मनींतील गटिंगेन येथें हिल्बर्ट यांच्या हाताखालीं अध्ययन करून वीनर स्वदेशीं परतले. १९१९ सालीं ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत शिकवूं लागले, आणि तीच त्यांची कर्मभूमि झाली. पाण्यांत तरंगणारे अतिसूक्ष्म कण जे वेडेवांकडे हालत असतात, त्या हालचालीचें गणित त्यांनीं काटेकोरपणें मांडलें व मोठी कीर्ति मिळविली.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांच्यापुढें एक नवाच प्रश्न आला. विमानावर तोफ डागावयाची, तर गोळा वर पोंचेपर्यंत विमान पुढें निघून जातें. म्हणून तें आतां कोठें आहे यापेक्षां कांहीं क्षणांनीं कोठें असेल, हें त्याच्या मागील मार्गावरून ताडावें लागतें. ज्युलिअन बिगेलो या सहकाऱ्यासह वीनर यांनीं असें अनुमान करणाऱ्या यंत्राची आंखणी केली. तें यंत्र प्रत्यक्ष रणांगणावर गेलें नाहीं; पण त्या खटाटोपांतून एक मोठा विचार त्यांच्या हातीं आला. नावाडी सुकाणू वळवितो, नाव किती वळली हें पाहतो, आणि चूक दिसतांच हात आवरतो. केलेल्या कृतीचा परिणाम पाहून पुढील कृति सुधारणें, यालाच फीडबॅक म्हणतात. मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोसेनब्लूथ यांच्या सहवासांत वीनर यांची खात्री झाली कीं, प्राण्यांचें शरीर आणि यंत्र या दोहोंतही हेंच तत्त्व चालतें. १९४८ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला व कर्णधार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या शास्त्राला सायबरनेटिक्स हें नांव दिलें.

येथें वाचकांना एक साम्य दिसेल. आजचा संभाषण करणारा कार्यक्रमही अनुमानच करितो. माणसांनीं लिहिलेल्या अफाट मजकुरावरून पुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें हिशेबानें ठरवून तो वाक्य जुळवितो. म्हणूनच तो कधीं कधीं खोटी गोष्टही अगदीं ठामपणें सांगतो.

१९४५ सालीं हिरोशिमा व नागासाकी हीं शहरें अणुबाँबनें उद्ध्वस्त झालीं, आणि वीनर यांचें मन हादरलें. पुढें क्षेपणास्त्रांच्या कामावरील एका शास्त्रज्ञानें त्यांच्या युद्धकालीन अहवालाची प्रत मागितली. वीनर यांनीं नकार दिला, आणि तें नकाराचें पत्र १९४७ च्या जानेवारींत अटलांटिक मासिकांत प्रसिद्ध केलें. आपल्या विद्येचा उपयोग निरपराध माणसें मारण्यासाठीं होणार असेल, तर ती देतांना शास्त्रज्ञानें विचार केलाच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. लष्करी कामाला त्यांनीं त्यानंतर हात लावला नाहीं. १९४९ सालीं त्यांनीं मोटार-कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर यांना पत्र लिहून, आपोआप चालणारे कारखाने येऊन मजुरांची भाकरी जाण्याचा संभव आहे, असा वेळींच इशारा दिला.

वीनर आपल्या लेखनांत माकडाच्या पंजाच्या इंग्रजी गोष्टीचा दाखला देत असत. हिंदुस्थानांतील एका फकिरानें मंतरलेला तो पंजा एका वृद्ध जोडप्याच्या घरीं येतो. तीन इच्छा पुरविण्याची शक्ति त्यांत असते. म्हातारा २०० पौंड मागतो. दुसऱ्या दिवशीं कारखान्याचा माणूस दारीं येतो. मुलगा यंत्रांत सांपडून गेल्याची बातमी देतो आणि भरपाईचे २०० पौंड पुढें करितो. मागितलें तें अक्षरशः मिळालें. मनांत होतें तें मिळालें नाहीं! यंत्राचा स्वभाव असाच आहे, हें वीनर यांना सांगावयाचें होतें. १९६० सालीं सायन्स या नियतकालिकांत त्यांनीं हाच विचार शास्त्रीय भाषेंत मांडला. पटावरील खेळ शिकून आपल्या कर्त्यालाच हरविणारें यंत्र तोंवर तयार झालें होतें. यंत्र इतक्या वेगानें काम करूं लागलें कीं आपल्याला मध्यें थांबवितां येणार नाहीं, तर त्याला दिलेला हेतु हाच आपला खरा हेतु आहे ना, हें आरंभींच पारखून घ्या, असें त्यांचें सांगणें होतें.

आमच्या देशाशींही त्यांचा स्नेह होता. १९५५-५६ सालीं ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत येऊन राहिले होते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील गणिताचे अध्यापक पेसी मसानी यांच्यासह त्यांनीं अनुमानाच्या गणितावर महत्त्वाचे निबंध लिहिले. पुढें मसानी यांनींच वीनर यांचें लेखन संपादित केलें आणि त्यांचें चरित्रही लिहिलें.

१९६४ च्या जानेवारींत वीनर यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्तें राष्ट्रीय विज्ञानपदक मिळालें. त्यानंतर दोन महिन्यांनीं, १८ मार्च रोजीं, स्वीडनमधील स्टॉकहोम शहरीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांचा इशारा मात्र मागें पडला नाहीं. आजच्या यंत्रांचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक, जेफ्री हिंटन, यांनीं २०२३ सालीं गूगल कंपनी सोडली व या विद्येच्या धोक्यांविषयीं ते मोकळेपणें बोलूं लागले. २०२४ सालीं त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासह भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. सन्मान आणि चिंता अशीं बरोबरच चालत आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रापासून काय घ्यावें? यंत्राजवळ निबंध मागितला तर निबंध मिळेल. पण शाळेनें निबंध सांगितला तो कागद भरावा म्हणून नव्हे, तर विचार करण्याची संवय लागावी म्हणून. ती संवय यंत्र देऊं शकत नाहीं. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनींही स्वतःस विचारावें कीं, मुलांकडून आपण नुसते गुण मागतों कीं त्यांचें कल्याण मागतों? लिओ वीनर यांनीं विद्वान मुलगा मागितला आणि तो त्यांना मिळाला. त्याच्या बाळपणाचा आनंद मात्र त्यांनीं मागितला नव्हता. मागणाऱ्यानें आपलें मन नीट ओळखून मागावें, एवढें शहाणपण या थोर पुरुषाच्या चरित्रांतून आम्ही घेतलें, तरी पुष्कळ झालें.