नमुन्याविना लिहिलेली पहिली कादंबरी

सन १८५७ मध्ये मराठीत दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. एक होता मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती. सुमारे साठ हजार शब्दांचा हा प्रचंड ग्रंथ अनेक शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाला होता. दुसरे पुस्तक त्या मानाने अगदीच लहान होते आणि सव्विशीतल्या एका तरुणाने ते एकट्याने लिहिले होते. त्याचे नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. लेखक होते बेळगावचे बाबा पदमनजी.

मोल्सवर्थ यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली होती आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाबांचा जन्म झाला होता. मराठी गद्य आणि हा लेखक अशा रीतीने बरोबरीनेच वाढले. गद्याला शब्द मिळाले होते, व्याकरण मिळाले होते, छापखाने मिळाले होते. मात्र आपल्याच काळातील, आपल्याच घरांतील माणसांची एक दीर्घ, सलग, कल्पित कथा त्या गद्यात अद्याप कोणी सांगितली नव्हती. ते काम ज्याच्या हातून झाले, त्याला कथा लिहिण्याचा काडीचाही अनुभव नव्हता.

बेळगावचे घर

बाबांचे घराणे कासार समाजातले. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत होते आणि घरातील वातावरण कडक धार्मिक होते. व्रते, उपास, पुराणश्रवण, कुलाचार या सर्व गोष्टी बाबांनी लहानपणी मनापासून केल्या. बेळगाव हे त्या काळीही अनेक भाषांचे गाव. मराठी आणि कानडी बाजारात शेजारी शेजारी बोलल्या जात, छावणीत इंग्रजी ऐकू येई. गावात मिशनऱ्यांनी चालवलेली इंग्रजी शाळा होती आणि नोकरीच्या आशेने सनातनी घरांतील मुलेही तिच्यात जात. बाबांचे इंग्रजी शिक्षण तेथे सुरू झाले आणि पुढे मुंबईत फ्री चर्चच्या विद्यालयात झाले.

मुंबईतील ती वर्षे खळबळीची होती. सुशिक्षित तरुणांच्या मनात जातिभेद, मूर्तिपूजा, स्त्रीशिक्षण, विधवांची स्थिती या विषयांवर वादळे उठली होती. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेचे काम गुप्तपणे चाले. जातिभेद मानायचा नाही अशी शपथ सभासद घेत, पण बाहेर समाजात ती गोष्ट उघड करीत नसत. बाबाही या सभेत सामील झाले होते. मनात एक आणि जनात एक, या स्थितीत फार काळ राहणे त्यांच्या स्वभावाला मानवले नाही. १८५४ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावातच ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ज्या गावात ते लहानाचे मोठे झाले, जेथे त्यांना प्रत्येक जण ओळखत होता, त्याच गावात त्यांनी हे पाऊल उचलले. त्यापायी घर, जात आणि सोयरेसंबंध यांना ते मुकले.

निबंधाकडून कथेकडे

लेखणी मात्र त्यांनी आधीच हाती घेतली होती. १८५२ मध्ये त्यांचा स्त्रियांच्या विद्याभ्यासावरील निबंध प्रसिद्ध झाला. निबंध लिहिण्याची रीत त्या वेळेपर्यंत मराठीत रुळली होती. विषय मांडायचा, आक्षेप घ्यायचे, त्यांचे खंडन करायचे आणि शेवटी बोध करायचा, ही पद्धत वर्तमानपत्रांनी, शाळांनी आणि धर्मविषयक वादांनी घट्ट बसवली होती. विधवांच्या स्थितीवरही असाच एखादा निबंध लिहिणे बाबांना सहज शक्य होते. विषयही ऐन चर्चेतला होता. जुलै १८५६ मध्ये विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. कायद्याने दार उघडले, पण घराघरांत केशवपन, एकभुक्त राहणे, अंधाऱ्या खोलीत दिवस कंठणे हे सारे पूर्वीप्रमाणेच चालू होते.

निबंधात विधवा हा एक प्रश्न होऊन येतो. एका विशिष्ट घरातील, विशिष्ट सासूच्या हाताखालील, विशिष्ट वयाची बाई त्यात मावत नाही. बाबांनी पाहिलेल्या-ऐकलेल्या हकिकती निबंधाच्या चौकटीत बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कथेची वाट धरली ती या गरजेपोटी. मराठीला नवा वाङ्मयप्रकार द्यावा अशी महत्त्वाकांक्षा पुस्तकाच्या नावातही दिसत नाही. शीर्षकाचा पहिला भाग प्रवासवर्णनाचा आहे आणि दुसरा निबंधाचा. आज ज्या अर्थाने कादंबरी हा शब्द आपण वापरतो, तो अर्थ तेव्हा रूढ व्हायचा होता.

नमुना कोठून आणायचा?

पहिली कादंबरी लिहिणाऱ्या कोणत्याही हौशी लेखकापुढे अडचणी असतातच. मात्र त्याने निदान दहा-वीस कादंबऱ्या वाचलेल्या असतात. आपल्या भाषेत पात्रे कशी बोलतात, प्रकरण कोठे संपवतात, काळ कसा पुढे सरकवतात, हे त्याला नकळत ठाऊक असते. बाबांच्या पाठीशी यातले मराठीत काही नव्हते. छापील मराठीत इसापनीती होती, ‘बाळमित्र’ होते, ‘वेताळपंचविशी’ होती. १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर केले होते. त्यात एका भाविकाचा प्रवास होता, पण तो स्वप्नातला. त्यातील माणसे म्हणजे गुणदोषांची मूर्तरूपे होती आणि वाटेवरची गावे नकाशात सापडणारी नव्हती.

सर्वांत मोठी अडचण संभाषणाची होती. मराठी माणूस बोलतो कसा, हे प्रत्येकाला माहीत होते, पण ते छापायचे कसे हे ठरलेले नव्हते. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत नवीच होती. मेजर कँडी यांनी त्यांची माहिती देणारे पुस्तक १८५० मध्ये काढले होते, म्हणजे प्रश्नचिन्ह कोठे द्यावे हेही लेखकांनी नुकतेच शिकायला घेतले होते. त्यातही नवराबायकोचे बोलणे ही तर फारच अवघड गोष्ट. ज्या समाजात पत्नी पतीचे नाव घेत नसे आणि वडीलधाऱ्यांसमोर दोघे एकमेकांशी बोलत नसत, तेथे यमुना आणि विनायक हे दांपत्य धर्म, रूढी आणि न्याय यांविषयी मोकळेपणाने बोलते असे दाखवायचे होते. अशा संभाषणाचा नमुना पुस्तकांत नव्हता आणि घरांतही क्वचितच आढळला असता.

प्रवासाचा धागा

या अडचणीतून बाबांनी काढलेला मार्ग साधा, पण नेमका होता. त्यांनी आपल्या नायिकेला घराबाहेर काढून प्रवासाला नेले.

मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना आपल्या सुशिक्षित पतीबरोबर निघते आणि ठिकठिकाणी तिला विधवा स्त्रिया भेटतात. प्रत्येकीची कथा वेगळी आणि दुःखाची तऱ्हाही वेगळी. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली असली, तरी घाटावरचा प्रवास अजून बैलगाडीचाच होता. वाटेत मुक्काम पडत, परक्या घरी उतरावे लागे, आणि माजघरात बायकाबायकांची गाठ पडे. जे पुरुष निबंधकाराला कधीच ऐकू आले नसते, ते यमुनेला ऐकू येते. तुटक हकिकती एका सूत्रात ओवण्याचा प्रश्नही त्यामुळे सुटला. आजही अनेक नवशिके लेखक सैल प्रसंगांना बांधून ठेवण्यासाठी प्रवासाचाच आधार घेतात.

या युक्तीला मर्यादा होती. मुक्कामामागून मुक्काम येतो, हकिकतीमागून हकिकत येते, आणि आधीच्या प्रसंगाचा पुढच्यावर फारसा परिणाम होत नाही. पुस्तक तेवढ्यावरच थांबते, तर तो विधवांच्या हकिकतींचा एक संग्रह ठरला असता. परंतु पुढे विनायकाचा अकाली मृत्यू होतो आणि इतका वेळ दुसऱ्यांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. आधी ऐकलेली प्रत्येक कहाणी आता तिच्यावर उलटू शकते. वाचकाला त्या कहाण्या आठवतात आणि तो तिच्यासाठी भितो. येथे निरूपण मागे पडते आणि कादंबरी सुरू होते. हा बदल बाबांनी हेतुपूर्वक योजला की कथेच्या ओघात तो त्यांच्या हाती आला, हे सांगणे कठीण, पण पुस्तकातील सर्वांत बळकट जागा हीच आहे.

उपदेशाचे ओझे

‘यमुनापर्यटना’चे दोषही पहिल्या पुस्तकाचे आहेत. यमुना आणि विनायक यांना जवळजवळ दोषच नाहीत. बरीच संभाषणे बोलण्यातून निसटून प्रवचनात शिरतात. यमुना शेवटी ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो. हा शेवट कथेतून उगवण्याआधी लेखकाच्या मनात ठरलेला होता, हे लपत नाही. स्वतः तीन वर्षांपूर्वी घर सोडून आलेल्या तरुणाला आपल्या नायिकेसाठी दुसरी वाट दिसली नसावी, हे समजण्यासारखे आहे. पण लेखकाची खात्री जितकी पक्की, तितके पात्राला स्वतः निवड करण्याचे स्वातंत्र्य कमी होते.

त्याहून कठीण प्रश्न वाचकाचा होता. ज्या घरांतील विधवांविषयी हे पुस्तक होते, त्या घरांत धर्मांतर केलेल्या लेखकाचे पुस्तक उघडले जाण्याची शक्यता कमी होती. स्वतः विधवांपैकी वाचता येणाऱ्या फारच थोड्या. मराठी ख्रिस्ती समाज तेव्हा मूठभर होता. अशा स्थितीतही बाबांनी भाषा पंडिती केली नाही. त्यांचे गद्य त्या काळाच्या मानाने सोपे आणि घरगुती आहे. केशवपनासारखा प्रसंग अलंकारांनी न झाकता सांगण्याचे धैर्य त्यात आहे. कायदा होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने झालेला आणि सनातन्यांशी मोठ्या वादाला कारण झालेला विधवाविवाह व्हायला १८६९ साल उजाडले. त्याच्या बारा वर्षे आधी मराठी कथेतील एका विधवेचे लग्न लागून गेले होते.

मागाहून आलेले

मराठी कादंबरीने पुढे मात्र लगेच बाबांची वाट धरली नाही. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये ना. स. रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली आणि वाचक अद्भुताच्या, योगायोगाच्या आणि सुंदर राजकन्यांच्या जगात रमले. बंगालीत बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ मध्ये आणि गुजरातीत नंदशंकर मेहता यांची ‘करणघेलो’ १८६६ मध्ये निघाली. त्या दोन्ही कादंबऱ्यांनी इतिहासाचा आश्रय घेतला होता. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी ‘मोचनगड’ रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी १८७१ मध्ये लिहिली. गुंजीकर हे बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे. सामाजिक आणि ऐतिहासिक, अशा मराठी कादंबरीच्या दोन्ही वाटा पाडणारे लेखक या एका सीमाभागात जन्मले, ही गोष्ट येथील वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

‘यमुनापर्यटना’ला पहिल्या कादंबरीचा मान मिळायला बराच काळ जावा लागला. धर्मप्रचाराचे पुस्तक म्हणून ते बाजूला ठेवले गेले आणि तो मान कित्येकांनी ‘मुक्तामाले’ला दिला. बाबांनी त्याची खंत बाळगत बसण्याऐवजी दुसरे काम हाती घेतले. १८६० मध्ये त्यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला आणि १८६३ मध्ये मोल्सवर्थ यांच्या कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप प्रसिद्ध झाला. सामान्य विद्यार्थ्याला न पेलणारा तो महाग, अवजड ग्रंथ त्यामुळे त्याच्या आटोक्यात आला. १८६७ मध्ये ते पुण्यात पाळक झाले. ‘सत्यदीपिके’चे संपादन, भाषांतरे, टीका, लहान-मोठी असंख्य पुस्तके यांत त्यांचे पुढचे आयुष्य गेले. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या बालपणाची आणि धर्मांतराची हकिकत सांगितली. परमहंस सभेचा इतिहास लिहिणाऱ्यांना या पुस्तकाकडे वळल्यावाचून गत्यंतर नसते. कथालेखक म्हणून मात्र त्यांची ओळख ‘यमुनापर्यटना’पुरतीच राहिली.

२९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत बाबांचे निधन झाले. त्याच्या काही वर्षे आधी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊन गेली होती. तिची नायिकाही यमुनाच. घरात सगळे तिला यमू म्हणतात. तिलाही तरुणपणी वैधव्य येते. पहिल्या यमुनेला तिच्या हौशी लेखकाने सुटकेची वाट काढून दिली होती. दुसरीच्या लेखकाला कादंबरी कशी लिहावी हे पुरते कळले होते. त्याने तिच्यासाठी तशी वाट काढली नाही. यमूचे केशवपन होते आणि खंगून तिचा शेवट होतो. असंख्य मराठी घरांत तिच्यासाठी डोळे पुसले गेले. त्याच दुःखाची कहाणी सुमारे तेहतीस वर्षांपूर्वी बेळगावच्या एका तरुणाने, पुढे कोणताही नमुना नसताना, छापून ठेवली होती.